फळीची गाठ

आमच्या वाचनालयाची उत्तरेकडची भिंत,
वर्दार नदीकडे तोंड केलेली,
जवळ जाऊन बघा. कमरेच्या उंचीला एक गाठ आहे,
डोळ्याएवढी. पाइनची.
फळी माझी, गाठ झाडाची,
आणि ती राहू दे म्हणणारी ट्रायांका मिलेवा.

मी रंधा मारायलाच निघालो होतो.
थांब नाउम, ती म्हणाली,
काँक्रीट घट्ट झालं की फळी निघून जाईल,
ती इथे होती एवढं तरी भिंतीला कळू दे.

स्कोप्ये पडल्याला तेव्हा वर्ष झालं होतं.
बसमधून उतरली ती नकाशांचं नळकांडं काखेत मारून,
अंगात बापाचा ओव्हरकोट, बाह्या दुमडलेल्या.
आम्ही विचारलं, आर्किटेक्ट साहेब कधी येणार?
ती म्हणाली, आलेत.
आणि ओळंबा मागितला.

मग तीस वर्षं.
बसस्थानक, दोन शाळा, गिरणीची खानावळ
आणि चौऱ्याऐंशी बिऱ्हाडांची ती लांबलचक इमारत,
जिच्या जिन्यात सकाळी दहाला ऊन
बरोबर सातव्या पायरीवर येऊन बसतं.
(मी मोजलंय. जानेवारीत नवव्या.)

छपरं मात्र सपाट.
मार्चमध्ये बर्फ वितळलं की गळायची.
हिच्या कामात कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक बोलायचे,
आणि बोलणारांच्या डोक्यावरच ते टपकायचं.
एकदा चौथ्या मजल्यावरच्या वासिल्काने रात्री फोन केला.
ही आली, बादली घेऊन. डांबर घेऊन मी मागून.
पहाटेपर्यंत बादलीशेजारी बसून थेंब मोजले तिने,
मिनिटाला अकरा,
वहीत लिहून ठेवले.
माफी नाही मागितली.
उतार दीड टक्का हवा होता, एवढंच म्हणाली
आणि वासिल्काच्या हातची कॉफी प्यायली.

स्वतः राहायची आईच्या घरात.
कौलारू. दोन्हीकडे उतार.
यावर मी हसलो की
बेलग्रेडहून मिळालेलं पदक फेकून मारायची,
एरवी ते ट्रेसिंग पेपरवर
वजन म्हणून ठेवलेलं असे.

मग देशच उतरवला,
सेंट्रिंग काढतात तसा, एकेक टेकू.
आम्हाला वाटलं, स्लॅब धरेल.
गिरणी बंद. खानावळीत टायरचं गोदाम.
ट्रायांकाच्या टेबलावर
कुणाच्या तरी गॅरेजचा नकाशा, कुणाच्या तरी थडग्याचा.
थडग्यालाही तिने पाणी वाहून जायला
पन्हळ काढली होती.

आता पालिकेला खांब हवेत.
दगडाचे दिसणारे, थर्माकोलचे,
वर पानाफुलांची नक्षी.
डिंक लावून चिकटवत होते वाचनालयाला
तेव्हा तिला मी घेऊन गेलो,
शहाऐंशीव्या वर्षी, काठीसकट.
वाटलं, आता रडेल. किंवा शिव्या देईल,
शिव्या तिला सुतारांपेक्षा बऱ्या येत.

काठीने तिने खांबावर टकटक केलं.
टकटक झालीच नाही.
शिडीवरच्या पोराला म्हणाली, ओळंबा आहे का?
त्याला शब्द ठाऊक नव्हता.
माझ्या खिशात होता, असतोच.
तिने दोरी धरली, शिसं थांबेपर्यंत
आम्ही तिघंही थांबलो.
खांब दोन बोटं बाहेर.

खोटा असू दे, ती म्हणाली,
सरळ बसव.

पोराने खरंच काढून पुन्हा बसवला.
मी मनातल्या मनात त्याला कामावर ठेवून घेतलं.

ती गेली त्याच हिवाळ्यात.
खांब उभे आहेत, तीन बाजूंना,
चिमण्या त्यांना भोकं पाडून राहतात.
उत्तरेच्या भिंतीपर्यंत मात्र
पालिकेचे पैसे पुरले नाहीत.

म्हणून म्हणतो, जा.
गाठीवर बोट ठेवून बघा,
पैसे पुन्हा यायच्या आत.